ब्रेक पॅड बदलताना पिस्टन आत जात नाही? या चुका टाळा

नवे पॅड जाड असतात, त्यामुळे कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन आत सरकवल्याशिवाय ते बसतच नाहीत. पुढच्या चाकांवर जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून सी-क्लॅम्प हळूहळू आवळला की काम होतं. जात नसेल तर लांब पाना शोधू नका, आधी कारण शोधा.

सगळ्यात महागडी चूक मागच्या चाकांवर होते. तिथे डिस्क ब्रेक असून हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरला जोडलेली असेल, तर बहुतेक गाड्यांत पिस्टन आट्यांवर चालतो. तो नुसता दाबून जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. क्लॅम्प आवळत राहिलात तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा दिसल्या की समजा, हा फिरवायचा आहे. त्यासाठी वेगळं टूल मिळतं. दिशा बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते, पण काही गाड्यांत एका बाजूची उलटी असते, मॅन्युअल बघाच. चाकांना अडण लावून हँडब्रेक सोडून ठेवा. फिरवताना रबरी बूट, म्हणजे पिस्टनभोवतीचं रबरी आवरण, पिळला जात नाही ना, तेही पाहा. पॅडच्या पाठीवर खुंटी असेल तर ती खाचेत बसली पाहिजे. हँडब्रेक बटणाचा असेल, तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाका.

पुढचा पिस्टनही हटून बसला असेल, तर ब्लीडर निपलला (कॅलिपरवरच्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) नळी लावा, तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निपल थोडा सैल करून दाबून बघा. आता सहज सरकला? मग पिस्टन ठीक आहे, ऑइलची वाट अडली आहे. बऱ्याचदा रबरी होज, म्हणजे कॅलिपरला ऑइल पोचवणारी नळी, आतून सुजलेला असतो. तरीही हलला नाही, तर पिस्टन गंजून धरला आहे. क्लॅम्प सोडण्याआधी निपल बंद करा, नाहीतर हवा आत शिरते.

निपल बंद ठेवून दाबलं तर ऑइल उलटं टाकीत चढतं. मध्यंतरी कोणी टॉप-अप केलं असेल तर ते वर वाहतं आणि रंग खातं. आधी सिरिंजने थोडं काढून घ्या. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं तर नकोच. बूट फाटला की पाणी शिरतं आणि गंज धरतो. एका कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर दोन्ही एकत्र दाबा, कारण एक आत गेला की दुसरा बाहेर येतो. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिनांना साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, ब्रेकसाठीचंच वापरा.

सगळं जोडल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ते तळापर्यंत जाईल, ते साहजिक आहे. अनेकदा दाबूनही स्पंजासारखं लागलं, तर हवा शिरली आहे. ब्रेक ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे ऑइलमधली हवा काढल्याशिवाय, गाडी बाहेर काढू नका.