पहिला फ्लॅट भाड्याने देताय? या चुका टाळा

माझा पहिला भाडेकरू घर सोडून गेला त्या दिवशी बाथरूममध्ये गीझर नव्हता. भिंतीवर स्क्रूची चार भोकं आणि पाइपांना प्लास्टिकची टोपणं. फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "काका, तो गीझर आम्हीच बसवला होता. तुमचा जळाला ना." नव्याचं बिल त्याच्याकडे होतं. जुना कुठे गेला, ते मात्र त्याला आठवेना. माझ्याकडे दाखवायला काय होतं? चावी दिली त्या दिवशीचा एक फोटोसुद्धा नव्हता.

तेव्हा चावी घाईत देऊ नका. तासभर राखून ठेवा आणि भाडेकरू सोबत असतानाच घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ सोडून बघा, पंखे पाचवर फिरवा, सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलाय का ते पाहा. लाइटच्या मीटरचं रीडिंग आकडा दिसेल असं घ्या. मग तोच व्हिडिओ त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून विचारा, "सगळं बरोबर आहे ना?" त्याचं "हो" आलं की तारखेसकट पुरावा झाला. शेवटचं लाइटबिल भाडेकरू गेल्यावर येतं, म्हणून तेवढी रक्कम डिपॉझिटमधून मागे ठेवायची, हे करारातच लिहा.

करारावरून आठवलं. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" हे वाक्य मी अजून ऐकतो. महाराष्ट्रात हा समज सरळसरळ चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. खोटं ठरवायचं काम तुमचं. खर्च म्हणाल तर १८,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,०००. आता घरबसल्या थंब देऊनही होतं. सोबत भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देऊन त्याची पोच जपून ठेवा.

दुसरी गफलत हिशोबाची, आणि ती फ्लॅट घेण्याआधीच होते. समजा पुण्यात ६५ लाखांचा फ्लॅट घेतला. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी धरली की आकडा ७० लाखांना टेकतो. भाडं १८,००० म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून एक महिना घर रिकामं, महिना अडीच हजार मेंटेनन्स, ब्रोकरचं पंधरा दिवसांचं भाडं, रंगकाम आणि घरपट्टी वजा करा. हातात साधारण १ लाख ४० हजार उरतात, म्हणजे दोन टक्के. ५२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी असेल, तर हप्ता ४५,००० च्या वर. "भाड्यातून हप्ता फिटेल" असं सांगणाऱ्या माणसाला हे गणित कागदावर मांडायला लावा. घरपट्टीचंही बघा: पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत देते, भाडेकरू ठेवला की ती जाते.

सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, लावेल; ते लावू द्या. पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे, फक्त सेवा शुल्काच्या. कमिटीतल्या लोकांनाही हे पुष्कळदा माहीत नसतं. भांडू नका, पत्र द्या.

खालच्या मजल्यावरून ओलीची तक्रार आली की पहिल्याच दिवशी फरशी फोडणारा प्लंबर बोलावू नका. ओल दिवसरात्र सारखी वाढत असेल तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर. मेन कॉक बंद ठेवून ती थांबते का बघा. आंघोळीनंतरच वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी वाहून जातं ती जाळीखालची जागा) किंवा फरशीच्या फटी तपासा. हा खर्च मालकाचा, भाडेकरूच्या गळ्यात मारू नका.

मालक दुबईत किंवा अमेरिकेत असेल, तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूला त्यातून टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर, आधीच कापावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक भाडेकरूंना याचा पत्ताच नसतो. करार करतानाच सीएशी बोलून घ्या.

मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल तर कुलूप बदलणं, पाणी तोडणं असले प्रकार करू नका. प्रकरण तुमच्यावरच उलटतं. त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. मात्र अर्जासोबत पहिला कागद लागतो तो नोंदणीकृत कराराचा.