स्वतःच्या गेमपासून लांब उभं राहता येत नाही? या चुका टाळा

अमळनेरला मावसभावाच्या ओट्यावर मी त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन दिला. रावेरहून ट्रक सुटण्याआधी त्यात केळीचे घड नीट रचायचे, असा माझा गेम. तो बनवण्यात माझे सहा महिने गेले होते. पोराने दोनदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, आते काय करानं?" मी सांगितलं. तो पुन्हा अडला, मी पुन्हा सांगितलं. दहा मिनिटांत तो रंगून खेळायला लागला आणि मी खुशीत जळगावला परतलो.

गेम बाहेर आला तेव्हा लोक पहिल्याच ट्रकवर सोडून जायला लागले. त्यांच्या शेजारी मी बसलेलो नव्हतो ना!

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चाचणीच्या वेळी तोंड उघडायचं नाही. 'हाफ-लाइफ' हा गेम बनवताना व्हॉल्व्ह कंपनीचे डिझायनर बाहेरच्या माणसाला खेळायला बसवत आणि स्वतः मागे बसून टिपणं काढत. खेळणाऱ्याशी बोलायला त्यांना मनाई होती. त्याआधी 1997 मध्ये तयार होत आलेला हाच गेम मजेशीर नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि बराचसा नव्याने बांधला. तो 1998 च्या नोव्हेंबरमध्ये आला. ज्याने कधी केळीची बाग पाहिली नाही अशा चेन्नईच्या मुलीलाही तुमचा गेम कळायला हवा असेल, तर एवढं मन घट्ट करावंच लागतं.

दुसरी चूक, जीव लावलेलं काही न कापणं. मी घडांचे तीस प्रकार काढले होते, मृगबागेचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे वेगळे, कांदेबागेचे, म्हणजे पावसाळा सरताना लावलेलीचे वेगळे. खेळणाऱ्यांना फरक दिसतच नव्हता. आपल्याकडे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं वेळेवर कापतात, नाहीतर ती मूळ झाडाचं खाणं खातात. पिल कितीही तरारलेलं असो, शेतकऱ्याचा हात थांबत नाही. तुमचा थांबत असेल तर कापलेलं सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. फेकलेलं नाही म्हटलं की कापणं सोपं जातं. मी सव्वीस प्रकार असेच बाजूला काढले.

आकडे चिमटीने बदलत बसू नका. ट्रकची वेळ 40 सेकंदांची 42 करून काही कळत नाही. 'सिव्हिलायझेशन' हा गेम बनवणारे सिड मायर यांचा नियम आहे, दुप्पट करा नाहीतर निम्मं करा. मी 20 केले आणि पहिल्यांदा कळलं की घाईतच खरी गंमत आहे.

मित्रांना विचाराल तर ते कौतुकच करतील, म्हणून गेम तुमचा आहे हे सांगूच नका. आणि तक्रार मनापासून ऐका, पण त्यांनी सुचवलेला उपाय जसाच्या तसा घेऊ नका. माणूस कुठे अडला हे त्याला पक्कं ठाऊक असतं. का अडला, ते शोधणं आपलं काम.

शेजारी कोणीच नसेल तर आठ दिवस फाइल उघडू नका. मग आवाज बंद करून डाव्या हाताने खेळा. सरावलेला उजवा हात तुमच्या चुका झाकत असतो.

दिवाळीत पुन्हा अमळनेरला गेलो. फोन दिला, वही घेतली, मागे बसलो. पोराने घड उलटे रचले, ट्रक कलंडला, केळी रस्ताभर सांडली. तो खदखदून हसला आणि त्याने मुद्दाम परत तसंच केलं. वहीत मी लिहिलं: सांडणं ठेवायचं.