कॉलेज फुटबॉलमधले गुणी खेळाडू आणि मैदानाबाहेरची बेशिस्त: या चुका टाळा

अमेरिकेत ऑगस्टमध्ये कॉलेज फुटबॉलचे (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ) कॅम्प सुरू झाले की दरवर्षी त्याच बातम्या येतात. कुठल्या तरी टीमचा सगळ्यात चपळ पोरगा रात्री दोनला गाडीसकट पकडला जातो, कुणी पुन्हा एकदा ड्रग टेस्टमध्ये सापडतो, आणि हेड कोच "आम्ही टीमच्या पातळीवर बघून घेऊ" म्हणून मोकळा होतो. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांकडून चुका होणार. त्यांना सांभाळायला पगार घेणारी मोठी माणसंही त्याच त्या चुका करतात, हे मात्र बघवत नाही.

पुढची मॅच बघून शिक्षा ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचं 2014 साल आठवा. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जेमिस विन्स्टन आदल्याच सीझनचा हाइझमन, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, विजेता. एप्रिलमध्ये सुपरमार्केटमधून पैसे न देता खेकड्याचे पाय घेऊन बाहेर पडला. त्याबद्दल 20 तासांची समाजसेवा झाली, तो बेसबॉलही खेळायचा, त्या टीममधून काही दिवस बाहेर बसावं लागलं. सप्टेंबरमध्ये तोच कॅम्पसवर टेबलावर उभा राहून अश्लील वाक्य ओरडला. शिक्षा काय, तर क्लेमसनविरुद्ध पहिला हाफ बाहेर. चौफेर टीका झाल्यावर मॅचच्या आदल्या रात्री उशिरा ती पूर्ण मॅचची झाली. दुसऱ्या दिवशी विन्स्टन पॅड चढवून, पूर्ण गणवेशात वॉर्मअपला मैदानात हजर! हेड कोच जिम्बो फिशर यांना त्याला आत जाऊन कपडे बदलून यायला सांगावं लागलं. मॅच फ्लोरिडा स्टेटने ओव्हरटाइममध्ये 23-17 अशी जिंकली, त्याच्याशिवाय.

अर्ध्या मॅचच्या शिक्षेतून खेळाडू एवढंच शिकतो की आपल्यावाचून यांचं अडतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पाच खेळाडूंना तर 2010 च्या डिसेंबरमध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची राष्ट्रीय नियामक संस्था) पुढच्या सीझनच्या पहिल्या पाच मॅचसाठी बाहेर बसवलं आणि जानेवारीतल्या शुगर बोलमध्ये मात्र त्यांनाच खेळू दिलं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. जुलैमध्ये एक पानी तक्ता करा. डाव्या रकान्यात गुन्हा, पुढे पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी वेळ. मोजमाप पूर्ण मॅचचं, हाफ किंवा क्वार्टर हा शब्द तक्त्यात येताच कामा नये. सीझनमध्ये घडलं तर लगोलग येणारी मॅच, मग ती बोल गेम (सीझनअखेरची मानाची मॅच) का असेना. मे-जूनमध्ये घडलं तर सुरुवातीच्या लिंबूटिंबू टीमशी होणाऱ्या मॅच धरू नका, कॉन्फरन्सच्या (आपल्या गटातल्या टीमशी होणाऱ्या) पहिल्या मॅचपासून मोजा. तक्त्यावर ॲथलेटिक डायरेक्टरची (युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाची) सही घ्या आणि अंमल त्यांच्याच ऑफिसकडे ठेवा. ज्याची नोकरी शनिवारच्या निकालावर टिकून आहे, त्याच्या हातात शुक्रवारी हा निर्णय देऊ नका.

ट्रॅफिकचं तिकीट म्हणजे किरकोळ बाब, असं समजणं

जॉर्जिया युनिव्हर्सिटीचा जेलन कार्टर हा 2022 च्या सीझनचा देशातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीतला खेळाडू) मानला जात होता. सप्टेंबर 2022 मध्ये युनिव्हर्सिटीच्या अथेन्स या गावात ताशी 45 मैलांच्या रस्त्यावर 89 च्या वेगाने जाताना पोलिसांनी त्याला थांबवलं आणि चांगलं समजावूनही सांगितलं. चार महिन्यांनी, 15 जानेवारी 2023 ला पहाटे पावणेतीनच्या सुमारास, राष्ट्रीय विजेतेपदाची मिरवणूक होऊन काही तास झाले असताना, कार्टरची 707 हॉर्सपॉवरची जीप ट्रॅकहॉक आणि टीमच्या कामासाठी भाड्याने घेतलेली फोर्ड एक्स्पिडिशन यांची शर्यत लागली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार फोर्डचा वेग ताशी 104 मैलांपर्यंत गेला होता. ती चालवणारी 24 वर्षांची कर्मचारी कायदेशीर मर्यादेच्या दुपटीहून जास्त दारू प्यायलेली होती. ती गेली, आणि 20 वर्षांचा लाइनमन डेव्हिन विलॉकही गेला. कार्टरने बेदरकार गाडी चालवणं आणि शर्यत लावणं या आरोपांना विरोध केला नाही. 12 महिने प्रोबेशन, 1,000 डॉलर दंड, 80 तास समाजसेवा एवढ्यावर ते प्रकरण मिटलं आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम खेळाडू निवडतात तेव्हा, ईगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. अपघातानंतरही जॉर्जियाच्या खेळाडूंना वेगाची तिकिटं मिळतच राहिली. दंड आणि भाषणं एवढ्याने हे थांबत नाही.

सप्टेंबरचं तिकीट ही धोक्याची घंटा होती. अशी घंटा कुणाला तरी ऐकू यावी याची सोय करा. प्रत्येक खेळाडूची गाडी, नंबर, लायसन्स आणि इन्शुरन्स कुणाच्या नावावर, याची एक यादी ठेवा. दर सोमवारी एका माणसाने काउंटी कोर्टाच्या ऑनलाइन नोंदींत त्यातलं प्रत्येक नाव तपासायचं. शंभर-सव्वाशे नावं, दोन-तीन तासांचं काम. मर्यादेपेक्षा 20 मैल जास्त असं पहिलं तिकीट आलं की दोन आठवडे किल्ली पोझिशन कोचकडे (त्याच्या जागेच्या खेळाडूंना शिकवणाऱ्या कोचकडे) आणि पोरगा बसने. दुसरं आलं की थेट तक्त्यातली शिक्षा. टीमच्या भाड्याच्या गाड्यांच्या किल्ल्या संध्याकाळी सही करून परत घ्यायच्या, जल्लोषाच्या दिवशी तर हटकून. आणि रात्री उशिरा घरी सोडणारा एक फोन नंबर हवा. तिथे फोन केला म्हणून कोचला कळवलं जाणार नाही, हे पोरांना पटलं पाहिजे, नाहीतर तो नंबर कुणी फिरवणार नाही. त्याचे पैसे कुणी भरायचे हे कंप्लायन्स ऑफिसकडून (नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग) आधीच लेखी घ्या.

घरातल्या घरात मिटवणं

मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची तक्रार वरच्या तक्त्यात बसत नाही. ती त्याच दिवशी युनिव्हर्सिटीच्या टायटल नाइन ऑफिसकडे (लिंगभेद आणि लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या) गेली पाहिजे. कोचने चौकशी करायची नाही, तक्रार करणाऱ्या मुलीशी परस्पर बोलायचं नाही. बेलर युनिव्हर्सिटीत नेमकं हेच पाळलं गेलं नाही. काही तक्रारी फुटबॉलच्या लोकांनी पुढे कळवल्याच नाहीत, असं बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत निघालं आणि मे 2016 मध्ये हेड कोच आर्ट ब्राइल्सची गच्छंती झाली. तोवर किती मुलींना न्याय मागायला दारच उरलं नव्हतं, याचा विचार करा.

छोट्या प्रकरणांतही झाकाझाकच महागात पडते. ओहायो स्टेटचे ते पाच खेळाडू आपल्या अंगठ्या आणि बक्षिसं टॅटूच्या बदल्यात टॅटूवाल्याला देत होते, आणि नियमाने ते चालत नव्हतं. कोच जिम ट्रेसेल यांना एप्रिल 2010 मध्येच ईमेलने कळलं होतं. सप्टेंबरमध्ये "कुठलंही नियमभंगाचं प्रकरण मला माहीत नाही" अशा फॉर्मवर त्यांनी सही केली. 30 मे 2011 ला राजीनामा द्यावा लागला. पुढे याच प्रकरणाच्या शिक्षेपायी 2012 ची टीम 12-0 राहूनही बोल गेमला मुकली.

थोडक्यात आटोपण्यासारख्या चुका

पहाटे पाचला स्टेडियमचे जिने पळवणं ही शिस्त नव्हे. सिकल सेल ट्रेट (रक्तातला एक आनुवंशिक दोष) असलेला खेळाडू अशा वेळी कोसळून जीव गमावू शकतो, आणि व्यायाम शिक्षा म्हणून वापरू नका असं एनसीएएच्या 2019 च्या सूचनाही सांगतात.

सोशल मीडियावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घेऊन शिस्त येईल अशी आशा नव्या कोचना फार. त्यापेक्षा वर्गाच्या दाराशी माणूस उभा करा. तासाला दांडी हे बिघाडाचं पहिलं लक्षण असतं. शिवाय फॉल सेमिस्टरमध्ये 9 क्रेडिट पास झाले नाहीत तर पुढच्या सीझनच्या पहिल्या चार मॅच जाऊ शकतात.

गांजा जून 2024 पासून डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तराच्या) बंदी यादीत नाही, पण राज्याचा कायदा आणि टीमचा नियम आहेतच. "आता चालतं" असं पोरांना कुणी सांगू नका.

आणि काढून टाकलं की हात झटकू नका. एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आपला खेळाडू टायरन मॅथ्यूला ऑगस्ट 2012 मध्ये काढलं. तो ह्यूस्टनला व्यसनमुक्तीच्या उपचारांना गेला, तरी ऑक्टोबरमध्ये पुन्हा गांजाच्या प्रकरणात अटक झाली. 2013 च्या ड्राफ्टमध्ये 69 व्या क्रमांकावर ॲरिझोनाने घेतलं तेव्हा तिथे एलएसयूचाच जुना साथीदार पॅट्रिक पीटरसन त्याच्या पाठीशी होता, आणि पोरगा सावरला. म्हणून काढण्याच्या पत्रासोबत तीन गोष्टी द्या: समुपदेशकाची ठरलेली तारीख, खोली सोडायला किमान दोन आठवडे, आणि दर आठवड्याला फोन करणाऱ्या एका माणसाचं नाव.