अजिंठा-वेरूळचा खर्च मांडताना: आधी डोलीचं पाकीट

मागच्या नोव्हेंबरात आम्ही सहाजण अजिंठा-वेरूळला जाऊन आलो. मी, नवरा, दोन मुलं, आई आणि आत्या. पुण्याहून तीन दिवस. खर्चाचा तक्ता मी केला होता, एक्सेलमध्ये, रंगबिंग भरून. त्यात टोल होता, बिस्किटं होती, मुलांच्या टोप्यासुद्धा होत्या. डोली नव्हती. आता माझी मावसबहीण सासूसासऱ्यांना घेऊन निघाली आहे आणि तिने तो तक्ता मागितला. तक्ता देत नाही, त्याऐवजी हे लिहून देते.

पहिली ओळ: डोलीचे पैसे. रोख, वेगळ्या पाकिटात. गाडी, हॉटेल, सगळं त्यानंतर.

काय होतं ते ऐक. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला ती थांबवायची, पार्किंग भरायचं, तिथला सुविधांचा आकार भरायचा आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. चित्रांना धूर लागू नये म्हणून ही सोय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बसचं तिकीट माणशी, जाताना वेगळं, येताना वेगळं, एसीचं वेगळं, साध्याचं वेगळं. सहा माणसं म्हटली की पाकिटातल्या नोटा इथेच पातळ होतात. बस सोडते ती पायथ्याशी. तिथून लेण्यांची तिकिटं, आणि मग पायऱ्या. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आहे, त्याच्या कमरेत लेणी खोदली आहेत. म्हणजे एकदा चढून भागत नाही, आत गेल्यावरही वर-खाली चालूच. ज्यांच्याने होत नाही त्यांच्यासाठी डोली असते: दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि ती खांद्यावर नेणारी माणसं.

आईचे दोन्ही गुडघे गेलेले. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझ्याच घरी तिचे एक्स-रे आहेत. तरी मनात धरलं होतं की ‘हळूहळू चढेल’. पायऱ्यांपाशी पोहोचलो तेव्हा माझ्याकडे तीनशे चाळीस रुपये रोख उरले होते. बाकी सगळे पैसे फोनमध्ये आणि फोनला त्या दरीत रेंज नाही. पैसे काढायला जायचं तर परत बस, परत ते चार किलोमीटर. आई म्हणाली, “तुम्ही बघून या गं, मला फोटो दाखवा.” आणि ती आत्यासोबत खाली झाडाखाली बसली. तीन तास. आत फ्लॅश चालत नाही, चित्रांना बाधतो म्हणून. तेव्हा दाखवायला माझ्याकडे जे फोटो आले ते सगळे काळे.

म्हणून डोली. भाव खालीच ठरव, निघण्याआधी, आणि नीट विचारून घे: एक नंबरच्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत की निवडक लेणी? प्रत्येक लेण्याबाहेर थांबणार का? जाऊन-येऊन धरून किती? किती माणसं उचलणार? सासऱ्यांचं वजन बघून ते आकडा सांगतील, त्यात सासऱ्यांना राग यायचं कारण नाही. वर चहापाण्याचे थोडे ठेव. दोन म्हातारी माणसं असतील तर दोन डोल्यांचे पैसे धर. ‘एकजण चढेल’ असलं काही मनात धरू नकोस.

आता बाकीचं. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी कुणीतरी सोमवारी फर्दापूरला पोहोचतंच. बंद दिवस चुकवायला हॉटेलची एक रात्र वाढली की तक्ता तिथेच कोसळतो.

गाडी. इथे लोक फार फसतात, म्हणून जरा सविस्तर. पुणे ते संभाजीनगर साधारण दोनशे पस्तीस किलोमीटर. संभाजीनगर ते अजिंठा शंभर, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे. वेरूळ तीस. तीन दिवसांची गोळाबेरीज साडेसातशेच्या आसपास. पण भाड्याच्या गाडीला रोजचे किमान किलोमीटर असतात, बहुतेक ठिकाणी तीनशे. तीन दिवस म्हणजे नऊशे. गाडी साडेसातशे फिरली तरी पैसे नऊशेचे. शिवाय मीटर तुझ्या दारापासून सुरू होत नाही, गाडीवाल्याच्या गॅरेजपासून होतो आणि तिथेच संपतो. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा, रात्रीचा वेगळा, टोल-पार्किंग आपलं. हे सगळं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे. फोनवर ‘ताई, होऊन जाईल’ म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी भलताच हिशोब मांडतो. मुंबईहून कुणी रेल्वेने येणार असेल तर नुसत्या अजिंठ्यासाठी जळगावला उतरलेलं बरं, तिथून साठेक किलोमीटर आहे.

आणि गाडीत बसताना हात लावून बघ, डोलीचं पाकीट आहे का.

हॉटेल. काही विशेष नाही. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ सोडून बघ, भाव उतरतात. नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर त्यावर भुलू नकोस. अजिंठ्यासाठी सकाळी साडेसहाला निघायचं आणि यांचा नाश्ता मांडतात साडेसातला. आदल्या रात्रीच सांगून पार्सल घे, नाहीतर सहाजणांचे पोहे रस्त्यावर दुसऱ्यांदा विकत.

तिकिटांना तसा अर्थच नाही. आम्ही गेलो तेव्हा अजिंठ्याला भारतीयांना चाळीस रुपये, ऑनलाइन काढलं तर पस्तीस. पंधरा वर्षांखाली फुकट. आमचा धाकटा बारा वर्षांचा, म्हणून आमचे पाच जणांचे दोनशे रुपये झाले. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्याचाच खर्च सगळ्यांत कमी! फक्त तुझा अमेरिकेतला दीर येणार असेल तर बघ. परदेशी पासपोर्टला सहाशे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असेल तर त्याला भारतीयांचाच दर लागतो, पण कार्ड खिशात हवं, घरच्या कपाटात नको. ऑनलाइन काढलेलं तिकीट हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेव. रेंजचं वर सांगितलंच.

गाइडवर पैसे वाचवू नकोस. मी वाचवले नाहीत, तेवढं एक बरोबर केलं. पहिल्या लेण्यात बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की काही दिसत नाही. पाच-सात मिनिटं डोळे अंधाराला सरावायला लागतात आणि तेवढा वेळ धरून ठेवणारं कुणी नसलं तर लोक पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र न बघताच बाहेर पडतात. सतराव्यात जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, भिंतभर आहेत, गोष्ट सांगणारा नसेल तर ती नुसती गर्दी वाटते. फी माणशी नसते, गटाची असते, तेव्हा तिथेच दुसरं कुटुंब बघून निम्मी वाटून घे. मराठी गाइड माग, आणि सव्विसाव्या लेण्यापर्यंत येणार का तेही. निजलेला बुद्ध तिथे आहे आणि बरेचजण थकून त्याच्या आधीच परत फिरतात. मुलांचं सोड, डोलीतल्या माणसाला तिथपर्यंत न्यायचं हे डोलीवाल्यांशी ठरवलंस का? ते आधी ठरव.

टी-पॉइंटला स्फटिक आणि रंगीत दगड विकणारे मागे लागतात. मुलांना दोनशे रुपये हातात दे आणि त्यातच काय ते घ्या म्हण, वाद संपतो. आमचा ड्रायव्हर संध्याकाळी ‘फक्त बघायला’ म्हणून हिमरू शाली आणि पैठणीच्या दुकानात घेऊन गेला. आत्या फक्त बघत नाही. पैठणी तक्त्यात बसत नसेल तर गाडीतून उतरूच नका.

वेरूळला त्या मानाने सोपं. कैलास, म्हणजे सोळा नंबर, दारातच आहे, म्हाताऱ्या माणसांनी तेवढं एक बघितलं तरी येणं झालं. जैन लेणी लांब, तिकडे जायला बस असते, तिचे सुटे ठेव. घृष्णेश्वराला गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढावा लागतो, सासऱ्यांना आधी सांग. दौलताबाद आम्ही खालूनच बघितला, पंचवीस रुपये तिकीट काढून, वर कुणी गेलं नाही. संभाजीनगरचा बीबी का मकबरा राहिला. मांसाहार चालत असेल तर नान-खलिया खा. परतीचा टोल धरला असशीलच.

आणि ते पाकीट सुटकेसमध्ये नको, सुटकेस हॉटेलवर राहते. माझी राहिली होती, तिच्यात दोन हजार रुपये होते. खांद्यावरच्या पिशवीत ठेव, शंभराच्या नोटा करून, आणि वर पेनाने लिही: डोली. नाहीतर त्यातूनच कोणीतरी उसाचा रस आणेल.