औद्योगिक अवशेषांवर छप्पर घालताय? या चुका टाळा

लोखंड गाळायची जुनी झोतभट्टी उकरून मोकळी केली की लगेच मागणी येते छपराची. पावसात भिजतेय, काहीतरी घाला वर! पण छप्पर अडवतं ते फक्त वरून येणारं पाणी. विटांचा आणि लोखंडाचा घात करणारं पाणी पुष्कळदा जमिनीतून आणि हवेतून येतं. म्हणून छपराचा आकार ठरवण्याआधी निदान वर्षभर जागेवरचं तापमान, आर्द्रता आणि भूजलाची पातळी मोजा.

छपरानंतर भिंतीला लोणा लागला

लोणा म्हणजे भिंतीवर उमटणारा क्षारांचा पांढरा थर. ही तक्रार नेहमी दिसते, पण तिचं कारण फारसं समजून घेतलं जात नाही. उघड्यावर असताना पाऊस काही क्षार धुऊन नेत असतो. छप्पर आलं की धुणं थांबतं, पण जमिनीतली ओल भिंतीत चढतच राहते. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. ते विटेच्या आत साचले की पापुद्रे सुटतात. दगडी कोळशावर चाललेल्या भट्टीत धुरातले सल्फेट मुरलेले असतात, म्हणजे मुळातच जास्त भार.

लोणा पाण्याने धुऊ नका, तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सिमेंटचा गिलावा किंवा पाणीरोधक लेप तर नकोच. त्याने ओल आत कोंडते. अवशेषांच्या बाहेरून चर काढून पाणी वळवा, पण आधी खाली काय पुरलंय ते तपासा. शेजारी पाणचक्कीचा खड्डा असेल आणि त्यात भिजलेलं लाकूड असेल, तर भूजलाची पातळी खाली गेल्यावर ते आकसून तडकतं. एकाच जागेवर विटेला कोरडं हवं असतं नि लाकडाला ओलं. त्यावर एकच उपाय नसतो, जागेचे भाग पाडावे लागतात.

काचेच्या पेटीत लोखंडाला घाम

काच फोटोत छान दिसते. सिसिलीतल्या पियाझा आर्मेरिनाच्या रोमन व्हिलावर वास्तुरचनाकार फ्रँको मिनिसीने पारदर्शक आच्छादन घातलं होतं. कल्पना सुंदर, पण आत उष्णतेने जीव नकोसा व्हायचा. पुढे ते बदलावं लागलं. लोखंडाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: रात्री थंड झालेल्या जड भागांवर सकाळच्या दमट हवेचं दव धरतं.

एक तर भरपूर वारा खेळू द्या, नाही तर जागा नीट बंद करून हवा यंत्राने कोरडी ठेवा. अर्धवट बंदिस्त जागा सर्वांत वाईट. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या गोदीतलं १८४३ चं ‘एस. एस. ग्रेट ब्रिटन’ जहाज पाहा. पाणरेषेशी काचेचं तावदान बसवलंय आणि त्याखाली आर्द्रता सुमारे २० टक्के राखली जाते. इतकी कमी का? घडीव लोखंडात समुद्राचं मीठ मुरलं की आपल्याला कोरडी वाटणाऱ्या हवेतही गंज चालूच राहतो. अर्थात ही यंत्रं कायम चालवायला वीज आणि माणूस लागतो. तो खर्च झेपणार नसेल तर उघडं छप्परच बरं.

खांब नेमके धुराच्या बोगद्यात

कारखान्याचा बराच भाग जमिनीखाली असतो: धूरमार्ग, कालवे, यंत्रांचे पाये. म्हणून खांब कमी ठेवा आणि दोन खांबांमधलं अंतर, म्हणजे गाळा, मोठा. हलकं छप्पर वाऱ्याने उचललं जातं, त्याला पायाशी वजन लागतं हेही हिशेबात धरा. धातुमळीच्या, म्हणजे धातू गाळल्यावर उरणाऱ्या मळीच्या, भरावात सल्फेट असू शकतात आणि ते काँक्रीट खातात. मातीची रासायनिक तपासणी आधी करून घ्या.

वळचण आखूड

पागोळ्या भट्टीच्या कडेवरच पडू लागल्या तर छपराने पाऊस अडवला नाही, एका रेघेत गोळा केला. वळचण बाहेर काढा, पन्हळीचं पाणी लांब सोडा.

आणि ती पन्हळ साफ करायला शिडी कुठे टेकवणार, ते नकाशावरच दाखवा. भट्टीच्या कठड्यावर टेकवावी लागत असेल तर आराखडा परत काढा.