कादंबरी घरात शिरते तेव्हा

कादंबरी लिहिणं सुरू असलं की ती टेबलावर थांबत नाही. भाजीबाजारात कानावर पडलेलं वाक्य रात्री पात्राच्या तोंडी जातं आणि पात्राचा राग सकाळी चहा आणून देणाऱ्या माणसावर निघतो. हे बंद करता येत नाही, करूही नये. पण शेताला पाणी भरताना दारं धरावं लागतं, तसं त्याला हवं त्या वाफ्यात वळवावं लागतं.

आधी वही. खिशात मावेल अशी चाळीस पानी, सोबत पेन्सिल. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास असतो, घामेजल्या हातात शाई पसरते. नोंदीत तीनच गोष्टी घ्या: बोललेले शब्द जसेच्या तसे, बोलताना शरीर काय करत होतं, आणि हातात काय होतं. नाव-गाव लिहू नका, वही कुणाच्याही हाती लागू शकते. नोंद दहा मिनिटांच्या आत व्हायला हवी. उशीर झाला की आपण ते वाक्य आपल्या नकळत प्रमाण भाषेत दुरुस्त करून ठेवतो. ‘माले काय समजस नही का?’ घरी येईपर्यंत ‘मला काय समजत नाही का?’ होतं आणि त्या बाईचा सगळा ठसका जातो. धुळे-अमळनेरकडची अहिराणी बोलणारी बाई ‘माले’ म्हणते, यावल-रावेरकडची लेवा बोली बोलणारी ‘मले’ म्हणते. एका कान्याच्या चुकीने पात्राचं गाव बदलतं, आणि हे खानदेशातल्या वाचकाला पहिल्याच पानावर कळतं.

कुणाच्या दारावर, म्हणजे मयतीनंतर भेटायला, गेलात किंवा दवाखान्यात बसला असाल, तर वही काढायची नाही. घरी आल्यावरही तेरा दिवस त्यातलं काही लिहू नका. रडणाऱ्या माणसाला आपण टिपले जातोय हे समजतं, आणि तो पुन्हा आपल्यापुढे मोकळा होत नाही.

सगळ्यात जास्त घरं दुखावतात ती ओळख पटल्यामुळे. बहुतेक लेखक नाव बदलतात आणि काम झालं असं समजतात. नावावरून कुणी ओळखत नाही. लोक ओळखतात ते बोलण्यातल्या पालुपदावरून, घराच्या जागेवरून (‘मारुतीच्या पाराला लागून’), आणि गावाला ठाऊक असलेल्या एखाद्या प्रसंगावरून. हे तिन्ही आधी काढा. मग निदान दोन माणसं एकात मिसळा, एकाचा स्वभाव आणि दुसऱ्याची परिस्थिती. त्यानंतर धंदा बदला.

इथे मात्र घाई नको, कारण धंदा माणसाच्या अंगावर बसलेला असतो. केळीचे घड कापणाऱ्याच्या कपड्यांवर चिकाचे काळपट डाग असतात आणि ते कितीही धुतले तरी जात नाहीत, म्हणून तो कापणीचे कपडे वेगळेच ठेवतो. त्याला जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या गिरणीत) कामाला लावलंत तर डाग पुसावे लागतील आणि भुवयांत अडकलेले कापसाचे तंतू, घशातली खवखव आणावी लागेल. घड खांद्यावर घेऊन चालणाऱ्याची चालही तिथे चालणार नाही. धंदा बदलला आणि अंग तेच ठेवलं, तर माणूस ओळखूही येतो आणि पात्र खोटंही वाटतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. ज्या घरच्या माणसावरून दोन-चार पानं आली आहेत, त्याला ती पानं छापण्याआधी वाचून दाखवा. तो माणूस अडखळेल तिथे खूण करा आणि त्या दिवशी वाद घालू नका.

आता मनःस्थितीचं. भांडणाचा प्रसंग लिहून सरळ जेवायला बसलं की आवाजात तेच भांडण राहतं. लिखाण आणि माणसं यांच्यामध्ये पंधरा मिनिटं हाताचं काम ठेवा: डाळ निवडणं, झाडांना पाणी, कपडे वाळत घालणं. मोबाइल पाहून हे होत नाही, त्यात पुन्हा शब्दच असतात.

हात गुंतले की उलट वाक्यं सुचतातही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी घरकाम-शेतकाम करतानाच रचली गेली, आणि कुणीतरी ती कागदावर उतरवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. पण प्रत्येक काम त्यासाठी सुरक्षित नसतं. बांधावरून चालणं चालेल, भांडी घासणं चालेल. रात्रपाळीच्या लाइटीवर (शेतीला रात्री येणाऱ्या विजेवर) ओल्या हाताने मोटरचा स्टार्टर दाबायला जाताना, किंवा महामार्गावर गाडी चालवताना पात्राशी बोलू नका. भरताची वांगी काड्यांवर भाजतानाही नको: टोचे मारायचे राहिले तर वांगं फुटतं, आणि उलटायला उशीर झाला तर एक बाजू कोळसा आणि दुसरी कच्ची निघते. मग बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, कितीही ठेचलं तरी भरीत एकजीव होत नाही.

रात्री झोप लागत नसेल तर कारण बहुधा एकच असतं, प्रसंग अर्धवट सोडलेला आणि पुढचं ठरलेलं नसतं. उठण्याआधी पानाच्या तळाशी एक ओळ लिहा: ‘उद्या: ती कडी काढते, ओट्यावर सासरा बसलेला.’ डोकं ती ओळ धरून ठेवायचं सोडून देतं. उन्हाळ्यात बैठक पहाटे पाच ते सातची ठेवा, दुपारी पत्र्याखाली फक्त खाडाखोड होते.

एका गोष्टीची सूचना सहसा कुणी देत नाही. लिहिलेला प्रसंग खऱ्या आठवणीला झाकून टाकतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या आत्याच्या हातात तुम्ही कथेसाठी हिरव्या बांगड्या घातल्यात, की दोन वर्षांनी तुम्हालाच आठवत नाही की त्या खरंच कोणत्या रंगाच्या होत्या. म्हणून खऱ्या माणसाला हात लावण्याआधी, जे आठवतं ते सरळ एका वेगळ्या वहीत तारीख घालून लिहून काढा. सजवू नका. आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा, ती कल्पनेने भरू नका. ही वही कादंबरीच्या कागदांत ठेवायची नाही. सातबारा आणि रेशनकार्ड ठेवता त्या पेटीत ठेवा.