डबा न बघता इन्सुलिन देऊ नका: एडीएचडीची गोळी आणि शुगर सांभाळताना होणाऱ्या चुका

माझ्या लेकराला टाइप १ डायबिटीस आहे (अंगात इन्सुलिन बनत नाही, ते टोचावं लागतं) आणि एडीएचडीही (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ). आम्ही परभणीचे. अशाच लेकरांच्या आयांचे मला फोन येतात आणि दहातल्या आठ जणींची चूक एकच असते: इन्सुलिन घड्याळ बघून दिलेलं असतं, ताट बघून नाही.

मिथाइलफेनिडेटनं, म्हणजे एडीएचडीच्या गोळीनं, भूक मरते, त्यातही दुपारची. तिसरीत असताना आमच्याकडं हेच झालं. मधल्या सुट्टीत इन्सुलिनचा नेहमीचा डोस घेतला, डब्यातली भाकर आणि मेथी मात्र तशीच राहिली. तासाभरात चुळबुळ सुरू झाली, वही फेकली, बाईंवर ओरडला. बाईंना वाटलं, गोळीचा असर उतरला. वर्गाबाहेर उभं केलं. मी पोचले तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, बोटं थरथरत होती. शुगर ४८, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. १५ मिनिटांनी ७६ आली, मग कुठं माझ्या जिवात जीव आला. (लेकरू शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.)

तेव्हापासून चिडचिड दिसली की आधी बोट टोचायचं, रागवायचं नंतर. गोळी नाश्ता पोटात गेल्यावरच. जलद काम करणारं इन्सुलिन आम्ही डॉक्टरांना विचारून दुपारी जेवण झाल्यावर देतो, जेवढं खाल्लं तेवढ्याच हिशेबानं. साधं रेग्युलर इन्सुलिन (हळू काम सुरू करणारं) असेल तर असं परस्पर करू नका, त्याचं गणित वेगळं आहे.

संध्याकाळी असर उतरला की लेकरू भुकेलं होतं, चिवड्याचा डबा रिकामा करतं. त्याचं इन्सुलिन कुणी मोजत नाही आणि सकाळी शुगर ३०० आली की गोळीला दोष देतात.

लांब असराची गोळी कुटून देऊ नका. चार दिवसांत फरक नाही म्हणून मनानंच दीड गोळी करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. सुट्टीत गोळी बंद ठेवायची असेल तर आधी विचारा. भूक परतते, इन्सुलिनही बदलावं लागतं. वजन, उंची, बीपी दर भेटीत लिहून घ्या.

ही गोळी शेड्यूल एक्समधली (सरकारची कडक नियमांच्या औषधांची यादी), डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देत नाही. आठवड्याची उरली की मी नवी आणायला निघते. मे महिन्यात पिशवीत इन्सुलिन असेल तर एसटीत खिडकीची जागा घेत नाही.